गंजायला पाणी लागतं

मिरजेतल्या माझ्या घरमालकांच्या दारावर नावाची पाटी होती, पण ती वाचता येत नव्हती. पत्र्याची पाटी, कधीकाळी पांढरा रंग दिलेला, आणि त्यावरचं नाव गंजानं असं खाल्लेलं की सुरुवातीचा 'श्री' तेवढा जीव मुठीत धरून उभा होता. नवी पाटी करून घ्या म्हटलं की ते म्हणायचे, "कशाला? गंजकी पाटी म्हटलं की पोस्टमन डोळं झाकून येतोय." ते खरंही होतं. अख्ख्या गल्लीत तशी पाटी दुसरी नव्हती. लोक त्यांना रावसाहेब म्हणत आणि मीही तेच म्हणायची.

रावसाहेब म्हणजे कुणी बडं प्रस्थ नव्हे. नोकरी कालव्यावरची. कुणाच्या उसाला पाणी कधी सोडायचं, कुणाच्या पाटाचं दार कधी बंद करायचं, हे बघत सायकलीवरून कालव्याच्या कडेनं हिंडायचं, हे त्यांचं काम. पाणी ज्याच्या हातात असतं त्याला आमच्याकडे लोक आपोआप रावसाहेब म्हणतात. मी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पाणी हातातून गेलं होतं, पण हाक टिकली होती.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी मिरजेच्या एका दवाखान्यात नुकतीच नर्स म्हणून लागले होते आणि खोली शोधत होते. आधीच्या दोन घरांत दारातच आडनाव विचारलं आणि ते ऐकल्यावर घरच्यांना एकदम आठवलं, की खोली कालच दिलीय. त्यामुळे रावसाहेबांच्या दारात मी जरा फणकाऱ्यातच उभी होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "गाव कुठलं?"

"उंब्रज."

"नदी?"

"कसली नदी?"

"आवं, गावाला नदी असंल की. कुठली?"

"तारळी. आणि ती पुढं कृष्णेला मिळते."

"दोन नद्या!" ते मान वळवून आत ओरडले, "ऐकलं का गं? पोरीच्या गावाला दोन नद्या हायत. हिला खोली द्याया पायजे."

आडनाव त्यांनी पुढेही कधी विचारलं नाही. मी त्या घरात 'सिस्टर' झाले ती झालेच. हे मी आज हसत सांगते आहे, पण त्या दिवशी त्यांच्या पायरीवर बसून मला रडू आलं होतं, आणि काकूंनी, म्हणजे रावसाहेबांच्या बायकोनं, काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढं केला होता.

मग मला सायकल दाखवण्यात आली. खोली त्यानंतर.

ही सायकल कुठल्या दुकानातून आलेली नव्हती. तिचा सांगाडा कराडच्या भंगारबाजारातला, जुन्या काळच्या जड सायकलीचा. हँडल एका गवळ्याचं. मागचा कॅरियर कराडच्याच एका लोहारानं ठोकून दिलेला, त्यावर माणूस, पोतं किंवा शेळी यातलं काहीही बसू शकत असे. साखळीवरचं झाकण तर कालव्याच्या एका मोडक्या दाराच्या पत्र्यातून कापलेलं. हे सगळं त्यांनी नोकरीच्या काळात एकेक करून जुळवलं होतं. आणि या सगळ्यावर गंज होता. थोडाथोडका नाही. मुंडीपासून कॅरियरपर्यंत सायकल तांबूस, तपकिरी, कुठं काळसर, कुठं हळदीसारखी पिवळट. तिच्यावर रंगाचा एक टिपका नव्हता, कारण रावसाहेबांनी सगळे भाग मुद्दाम खरवडून, उघडं लोखंड करून मगच जोडले होते.

"ह्यो पुढच्या मडगार्डावरचा बघा," ते बोट न लावता दाखवायचे. "ही कृष्णा. बारीक दाण्याची. ह्यो दांडीवरचा काळपट, ही कोयना. साखळीच्या झाकणावर वारणा हाय. आन् हितं, शिटाखाली, येरळा. येरळा लय भेटत न्हाई, तवा तेवढीच हाय."

म्हणजे ज्या नदीच्या पाण्यावर काम केलं, तिथं त्यांनी सायकल पाण्यात घालून तो एक भाग भिजवला होता आणि चढलेला गंज जपला होता. लोक देवदर्शनाहून अंगारा आणतात. हे गृहस्थ गंज घेऊन यायचे.

काकूंचं मत वेगळं होतं. "मानसं सोनं जपत्यात, घरदार जपत्यात. ह्यांनी जलमभर गंज जपला. आन् माज्या तव्याला जरा गंज चढला की म्हंत्यात, तवा घासत का न्हाईस?"

"तव्यावरचा खाणारा गंज हाय," रावसाहेब शांतपणे म्हणायचे. "सिस्टर, गंजात दोनच जाती. एक खाणारा, एक राखणारा. खाणाऱ्याला घासायचं, राखणाऱ्याला नमस्कार करायचा." जातींबद्दलचं त्यांचं ज्ञान एवढ्यावरच थांबलं होतं, आणि मला तेवढं पुरेसं वाटायचं.

राखणारा गंज खाणारा होऊ नये म्हणून त्यांनी एक मित्र धरून ठेवला होता. हा मित्र तंबोरे बनवायचा. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर चढवायचं लाखेचं पॉलिश उरलं की तो वाटीभर रावसाहेबांसाठी ठेवायचा, आणि रावसाहेब ते कापसाच्या बोळ्यानं गंजावर हळूहळू फिरवायचे. त्यानं गंज जागच्या जागी बसायचा आणि त्याला खालून उजेड आल्यासारखा वाटायचा. मी त्यांची कितीही टिंगल केली तरी हे कबूल करते, की संध्याकाळच्या उन्हात ती सायकल भिंतीला टेकून उभी असली की बघत राहावंसं वाटायचं. गल्लीत तेव्हा लुना आल्या होत्या, गिअरच्या सायकली आल्या होत्या. पण बघावंसं वाटायचं ते हिच्याकडेच. हे मी त्यांना मात्र कधी बोलून दाखवलं नाही. एकदा सांगितलं असतं तर रोज संध्याकाळी हजेरी लावावी लागली असती.

तरी त्या घरात राहायला येणाऱ्यानं सामानाबरोबर धनुर्वाताचं इंजेक्शन आणावं, असं माझं स्पष्ट मत होतं. मला पहिल्याच आठवड्यात कॅरियरनं पोटरीला ओरखडा काढला. नंतर काकूंना, शेजारणीला, दूधवाल्याला. सगळ्यांना मीच इंजेक्शनं दिली. रावसाहेबांना मात्र कधीच काही झालं नाही. "ती मला वळखती," ते म्हणायचे.

एकदा ते माझा विसरलेला डबा द्यायला दवाखान्यात आले. डबा दिला, आणि निघता निघता वॉर्डातल्या एका जुन्या खाटेपाशी थबकले. मग चक्क गुडघ्यावर बसून खाटेचा पाय न्याहाळू लागले. मग दुसऱ्या खाटेचा. धोतर, काळी टोपी, खिशाला पेन आणि चेहऱ्यावर तो सरकारी गंभीरपणा. आमच्या मेट्रन लगबगीनं आल्या आणि माझ्या कानात पुटपुटल्या, "तपासणीला आलेत का गं?" मी तोंड उघडायच्या आत रावसाहेब उठले आणि म्हणाले, "ह्या खाटंला कुणी हात लावू नका. फार चांगला गंज हाय." मेट्रनना हे खास सरकारी टोमण्यासारखं वाटलं. आठवडाभरात सगळ्या खाटांना पांढरा रंग लागला. रावसाहेबांना हे कळल्यावर त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

सगळ्या सायकलीवर एकच जागा चकचकीत होती, ती म्हणजे घंटी. तीही दुकानातली नव्हे, लोखंडाची वाटी ठोकून केलेली. सकाळी अंघोळ झाली की ते ती राखेनं घासायचे, पुसायचे, वर तेलाचं बोट फिरवायचे. बाकी अंगभर गंजाचं कौतुक आणि इथं मात्र घाटावरच्या तांब्यासारखी चकाकी. मला वाटलं ही त्यांची आणखी एक लहर. एकदा मी चेष्टेनं विचारलं, "हिनं काय पाप केलंय? हिला का गंजू देत नाही?"

ते हसले नाहीत. "ती माणगंगेची जागा हाय," म्हणाले.

मग हळूहळू, काही त्यांच्याकडून, काही काकूंकडून, मला ते कळलं. रावसाहेब मूळचे माणचे, दहिवडीजवळच्या एका वाडीतले. तिकडची नदी म्हणजे वर्षभर वाळू. "आमच्यात लोखंड गंजत न्हाई," ते सांगायचे. "विहिरीवर बादली टांगल्याली असायची, उन्हाळाभर टांगल्याली, आन् तिला गंजाचा डाग न्हाई. गंजायला पाणी लागतं, सिस्टर. आमच्यात गंजायला सुदिक पाणी नव्हतं." पहिल्यांदा नोकरीला कराडकडे आले, तेव्हा ओलीनं तांबूस झालेली कुऱ्हाड, तांबूस झालेली कडी, तांबूस झालेले गज बघून त्यांना वाटलं, केवढी ही श्रीमंती! इथं पाणी इतकं की नुसत्या हवेनं लोखंडाला रंग चढतो. तेव्हापासून गंज म्हणजे त्यांच्या लेखी पाणी येऊन गेल्याची खूण.

त्यांचे वडील, आबा, मात्र गावीच राहिले. मुलगा पाण्याच्या खात्यात लागला, एवढंच म्हाताऱ्याला कळलं होतं. सुट्टीला गेलं की म्हातारा विचारायचा, "लेका, समद्यांस्नी पाणी सोडतोस. एक दार आमच्याकडं उघड की." पाणी चढावर जात नाही, हे रावसाहेब समजावून सांगायचे. म्हातारा मान हलवायचा आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा तेच विचारायचा. तो गेला तो हेच विचारत गेला. हे सांगताना रावसाहेब घंटी पुसत होते आणि ती आधीच पुसलेली होती.

तर ही त्यांची एकच इच्छा होती: साऱ्या नद्यांच्या बरोबरीनं आपल्या नदीचा गंज त्या घंटीवर चढावा. परतीच्या पावसात माणगंगेला कधीमधी पाणी यायचं, पण त्याचं पत्र मिरजेला पोचेपर्यंत नदी निघून गेलेली असायची. एकदा तर ते सायकल एस.टी.च्या टपावर टाकून गेलेही होते. "नदी न्हाई भेटली," काकू म्हणायच्या, "वाळू तेवढी साखळीत घालून आणली."

मी एकदा उंब्रजहून येताना त्यांच्यासाठी तारळीचं पाणी भरून आणलं, सलाइनच्या रिकाम्या बाटलीत. मला वाटलं, रावसाहेब हरखतील. त्यांनी बाटली कपाळाला लावली आणि नेऊन तुळशीला ओतली. "पाणी बाटलीतनं आणायचं नसतं. सायकलीनं पाण्याकडं जायचं असतं. न्हाईतर त्यो गंज खोटा." एवढं मोठं तत्त्व ऐकून मी आत गेले आणि काकूंपुढं पोटभर हसले. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "आवं, पर एकदा भेटाय पायजे हो त्यास्नी त्यांची नदी."

त्यांना मूल एकच, शालन. तिचं लग्न मी तिथं असतानाच झालं. मुलगा माणचाच पाहिला होता आणि रावसाहेबांना त्याचा केवढा आनंद! जावई दहिवडीत एका शेडमध्ये रंगकाम करायचा. ट्रॉल्या, टेम्पो, आणि मुख्य म्हणजे पाण्याचे टँकर. पोरगा कमी बोलायचा, पण हाताला वळण सुरेख. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर मोर काढावा तर यानंच, असं त्या भागात म्हणत.

पहिल्या दिवाळीला जावई आला. आमच्याकडे पहिल्या दिवाळीच्या जावयाचा थाट काय असतो, ते मी सांगायला नको. त्यानं पाणी मागितलं तर दूध द्यायचं आणि त्यानं काही मोडलं तर टाळ्या वाजवायच्या. पाडव्याच्या आदल्या दिवशी रावसाहेब, काकू आणि शालन त्याच्यासाठी कापड घ्यायला सांगलीला गेले. मी ड्यूटीवर. जावई घरी एकटा. आणि त्यानं येताना पिशवीतून रंगाचे डबे आणले होते, ते कुणालाच माहीत नव्हतं.

दुपारी मी परतले तर अंगणात सायकल उभी. आधी मी ती ओळखलीच नाही. पोपटी हिरवा रंग, काठाला लाल पट्टा, त्यावर पिवळी रेघ. मागच्या मडगार्डावर मोर. साखळीच्या झाकणावर, जिथं वारणा होती तिथं, झोकदार अक्षरात 'मामांची कृपा'. ट्रॉलीला मारतात तो लगेच वाळणारा रंग, तो वाळलाही होता. आणि घंटीसुद्धा हिरवी, तिच्यावर पिवळं फूल. जावई बाजूला हात पुसत उभा होता, नाकाच्या शेंड्याला रंग लागलेला, आणि चेहरा फुललेला.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. आधी शालन आत आली आणि जागच्या जागी थिजली. मग काकू. त्यांनी तोंडाला पदर लावला. शेवटी रावसाहेब, हातात कापडाचं पुडकं.

"मामा," जावई म्हणाला, "तुमी जलमभर लोकांच्या उसाला पाणी दिलं. पर तुमच्या सायकलीला कुणी रंगाचा एक हात दिला न्हाई. मला बघवंना. काय गंज हुता ओ! सकाळधरनं नुसता घासतच हुतो. आमच्याकडं टँकरला गंज लागला की गावाचं पाणी वाटंतच गळून जातंय. गंज दिसला की माजा हात थांबतच न्हाई."

रावसाहेब सायकलीभोवती एक चक्कर फिरले. दांडीकडे पाहिलं, शिटाखाली वाकून पाहिलं. घंटीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. आयुष्यभराच्या नद्या होत्या तिथं. मला त्या क्षणी जावयाचा इतका राग आला की मी पुढं पाऊल टाकलं. काकूंनी माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, गप ऱ्हावा. पैल्या दिवाळीला जावई दुखावला तर माज्या लेकीनं तिकडं काय तोंडानं नांदायचं?"

"लय कष्ट घेतलंसा, जावईबापू," रावसाहेब म्हणाले. "झ्याक झाली."

पाडव्याला त्यांनी त्याच सायकलीवरून गल्लीच्या टोकापर्यंत फेरी मारली, कारण जावयाची तशी इच्छा होती. रंगानं जड झालेली घंटी थडथड वाजत होती. लोक दारात येऊन विचारत होते, "रावसाहेब, नवी घेतली व्हय?" आणि ते टोपीला हात लावून म्हणत होते, "जावयानं दिली." चेहऱ्यावर हसू इतकं नीट बसवलेलं की ते हललंच नाही.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "आपण खरवडून काढू. मी मदत करते."

"आन् पुढच्या सणाला त्यांनी बघितली तर?"

रावसाहेब रोज त्या पोपटी सायकलीवरून कृष्णाघाटावर जात राहिले, पण आता ती दूर झाडाखाली उभी करून पाण्याकडे पायी जायचे. तंबोरेवाला मित्र पॉलिशची वाटी घेऊन आला तर ती परत पाठवली. आणि मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. माझ्या शेजारची खोली रिकामी झाली होती, ती बघायला एक कॉलेजात शिकवणारे गृहस्थ आले. रावसाहेबांनी त्यांना गाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मी वाट बघत राहिले, पण नदी काही त्यांनी विचारली नाही.

उन्हाळ्यात शालन माहेरी आली तेव्हा मला एकटीला गाठून म्हणाली, "सिस्टर, मी आमच्या ह्यास्नी गंजाचं, घंटीचं समदं सांगून टाकलं. माज्यानं ऱ्हावलं न्हाई."

"मग? काय म्हणाले?"

"काय सुदिक न्हाई. जेवणावरनं उठलं, आन् दोन दिस कुणाशी बोललं न्हाईत."

आपल्या सासऱ्यांशीही तो यावर काही बोलला नाही. सासरा आणि जावई हे नातं आमच्याकडे एकमेकांना पाट मांडण्यापुरतं असतं. त्यावर बसून मनातलं बोलायची रीत नाही. दोघंही एकमेकांची काळजी घेत गप्प राहिले. काकू म्हणायच्या, "दोगंबी माणचंच की. पाणी न्हाई आन् बोलणं बी न्हाई."

पावसाळा संपत आला होता. परतीच्या पावसाचे दिवस. एका सकाळी वॉर्डातला फोन वाजला आणि तो माझ्यासाठी होता. पलीकडून कुणी तरी दम लागल्यासारखं बोलत होतं.

"सिस्टर, मी दहिवडीसनं बोलतोय, जावई. मामांस्नी सांगा, नदी आलीया. कालधरनं वाहतीया, आन् वर अजून पाऊस हाय. सायकल घिऊन लगीच निघा म्हणावं. टपावर टाका. मी स्टँडवर हाय."

मी धावत घरी गेले. निरोप ऐकून रावसाहेब उठले. खुंटीवरची टोपी घेतली, ती उलटी घातली, पुन्हा काढून सुलटी घातली. काकूंना गुडघ्यांमुळे प्रवास होत नव्हता. त्यांनी मलाच पिटाळलं. "जावा संगं. आन् ह्यास्नी लय आत उतरू देऊ नका, हे येडं मानूस हाय." मी रजा टाकली. वेड्या माणसाबरोबर विटा, मायणी करत एस.टी.नं दहिवडी गाठली. वाटेत ते एकच वाक्य चारचारदा म्हणत होते, "नदी असंल का गं तवर?" पहिल्यांदाच ते मला अहोजाहो करायचं विसरले होते.

जावई स्टँडवर होता. त्यानं टपावरून सायकल स्वतः उतरवून घेतली, सासऱ्याच्या पाया पडला, आणि आम्ही तिघं नदीकडे चालू लागलो. लांबूनच आवाज आला. त्या आवाजानं रावसाहेबांची चाल बदलली.

नदी होती. गढूळ, तांबूस, पात्रभर. कडेनं अर्धं गाव उभं होतं. बायका ओटी भरत होत्या, म्हातारी माणसं नुसतीच बघत होती. रावसाहेब पाण्याच्या कडेला गेले, वाकले, ओंजळ भरली आणि पुन्हा पाण्यात सोडली. "आबा," ते म्हणाले. मी दुसरीकडे बघायला लागले.

मग जावयानं सायकल पाण्याच्या कडेला आणून उभी केली. खिशात हात घालून त्यानं पॉलिश पेपर काढला आणि तो घंटीवर घासायला लागला. पिवळं फूल गेलं, हिरवा रंग गेला, खालून लोखंड उघडं झालं. त्यानं घंटी ओल्या फडक्यानं पुसली आणि सासऱ्याकडे न बघता म्हणाला, "झाली मामा तुमची जागा. घाला पाण्यात."

रावसाहेबांनी आणि त्यानं मिळून सायकल आडवी केली, घंटी पाण्याखाली गेली. बराच वेळ तिथंच धरून ठेवली दोघांनी. सायकल सरळ झाल्यावर घंटीतून पाणी ठिबकत होतं आणि रावसाहेब ते पुसत नव्हते.

जावयाचा हात मात्र थांबेना. त्यानं पॉलिश पेपरची घडी बदलली आणि दांडीवरचा हिरवा रंग घासायला घेतला. आता त्याचे डोळे भरले होते. "समदं काढतो मामा," तो म्हणत होता. "कृष्णा, कोयना, मी काय आणू शकत न्हाई. पर रंग तरी समदा काढतो."

रावसाहेबांनी त्याचं मनगट धरलं. साखळीच्या झाकणावरच्या त्या झोकदार अक्षरांवरून, 'मामांची कृपा' वरून, ओला हात फिरवला.

"ऱ्हाऊ द्या, जावईबापू," ते म्हणाले. "हिच्यावर माणचं काय न्हाई म्हणून जलमभर झुरलो. त्यो रंग बी माणचाच हाय की."

जावयानं पॉलिश पेपर खिशात कोंबला आणि तोंड धुवायच्या निमित्तानं नदीकडे वळला.